दुप्पट चांदी

३ सप्टेंबर

ताईंचा हात मशीनमध्ये गेला.

फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत कापडं वाळत घालत होते. नवऱ्याचा आवाज इतका शांत होता की आधी मला वाटलं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय. लाँड्रीत चादरी दाबायचं तापलेल्या रोलरचं मोठं मशीन आहे. त्यात एक चादर अडकली. ती ओढून काढायला ताईंनी हात घातला आणि चादरीबरोबर उजवा हात मनगटापर्यंत आत गेला. मशीन बंद करायचं बटण त्यांनी स्वतःच डाव्या हाताने दाबलं. धावत आलेल्या बाईला त्यांचं पहिलं वाक्य काय, तर "ती चादर आधी बाजूला घे, डाग पडेल."

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. आईवडील गेल्यावर नवऱ्याला त्यांनीच वाढवला. लग्न केलं नाही, लाँड्री केली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या खोलीत आल्या की अजून माझी पाठ आपोआप ताठ होते. नवरा हसतो. म्हणतो, तिला शाळेतल्या बाई समजतेस तू. हसायला काय जातं त्याचं.

हाताचा मागचा भाग आणि चारही बोटं. खोल भाजलंय. मी पट्टीवरूनच पाहिलं, आत पाहायची हिंमत झाली नाही. प्रयोगशाळेत, आम्ही तिला नुसतं शाळा म्हणतो, मी जखमांसाठी कापड बनवते, आणि मला जखम बघवत नाही. हसण्यासारखंच आहे.

११ सप्टेंबर

पट्टीवर हिरवट ओल आली आहे. वास गोडसर, पिकून गेलेल्या फळासारखा. तो वास नाकात शिरला आणि मी खाटेपासून मागे सरले, कारण मी तो ओळखते. आमच्या काचेच्या ताटल्यांमध्ये हेच जंतू वाढवतो आम्ही, मारून बघायला. झाकण उघडलं की हाच वास. ताटलीतून उठून तो ताईंच्या खाटेवर कसा आला?

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधं बदलून बघितली, हा जंतू कुणाला जुमानत नाही. मांडीची कातडी काढून हातावर लावायची आहे, पण जंतू असताना लावलेली कातडी टिकत नाही. आणि तो आत उतरला, रक्तात गेला तर... पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

तेव्हा नवरा म्हणाला, "माझी बायको जंतू मारणारं कापड बनवते."

मला वाटलं जमीन फाटावी. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, "अजून प्राण्यांवरच झालंय. माणसांवर नाही." त्या म्हणाल्या, "विशेष परवानगी मागता येते. माझ्याकडे दुसरं फार काही उरलेलं नाही."

घरी येताना मी नवऱ्याला म्हटलं, "असं न विचारता कसं बोललास?" तो म्हणाला, "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

१२ सप्टेंबर

माळी आणि मी दिवसभर भांडलो. माळी म्हणजे माझा शाळेतला सहकारी. तो त्वचेच्या पेशी वाढवतो, रोपांना जपावं तशा जपतो, म्हणून हे नाव. मी मारणारी, तो वाढवणारा.

आमच्याकडे दोन कापडं आहेत. सुती गॉज, म्हणजे जखमेवर बांधायचं जाळीदार कापड, द्रावणात बुडवलं की धाग्यांवर चांदीचे कण बसतात, डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक. पांढरं कापड आधी पिवळं पडतं, मग मधासारखं. ते एकेरी. तेच परत बुडवलं की चहाच्या डागासारखं तपकिरी होतं. ते दुहेरी. जखमेची ओल लागली की कणांतून चांदी थोडी थोडी सुटते आणि जंतूंना मारते. दुहेरीत दुप्पट चांदी.

माळी म्हणाला, "एकेरी लाव."

"एकेरीने हे जंतू मरतात, पण हळू. मध्येच उलटले तर?"

"दुहेरीखाली माझ्या पेशी सुस्तावतात. मरत नाहीत, पण मजेतही नसतात."

"सुस्तावल्या तर सुस्तावू देत. माणूस जगलं पाहिजे."

"तू हिशोबाने बोलतेस की भीतीने?"

मी म्हटलं, हिशोबाने. दोन्ही कापडं प्राण्यांवर तपासलेली आहेत, दोन्ही परवानगीच्या अर्जात बसतात. परवानगी देणाऱ्या समितीला मी दुहेरी सुचवलं.

खरं तर एकेरी लावलं आणि काही झालं, तर लोक म्हणतील, हिच्याकडे जास्त ताकदीचं होतं आणि हिने दिलं नाही. नवरा म्हणेल. म्हणणार नाही, पण मनात ठेवेल. ते मला सोसणार नाही.

१४ सप्टेंबर

परवानगी आली. आता ताईंची संमती.

मी पाठ करून गेले होते. धोके, फायदे, केव्हाही नाही म्हणता येतं वगैरे. ताईंनी मला दोन वाक्यांतच थांबवलं.

"थोडक्यात, चांदी लावणार."

"चांदीचे अतिसूक्ष्म कण, ताई."

"उभ्या जन्मात एक दागिना केला नाही. आता हातभर चांदी. बरंय." मग म्हणाल्या, "तू स्वतः लावणार ना?"

"नाही, सिस्टर लावतील. मी फक्त कापड देणार."

"मग मला नको."

डॉक्टरबाई समजावायला लागल्या की यांना जखमा बांधायचं शिक्षण नाही. ताई म्हणाल्या, "बांधू नको म्हणावं. पण समोर उभी राहू दे. प्रत्येक वेळी. आपला माल आपण समोर उभं राहून द्यावा."

बस. हे असं आहे. माझ्यावर लक्ष ठेवायचंय त्यांना. लाँड्रीतल्या बायकांच्या डोक्यावर उभ्या राहतात तशा. ताप अंगात असताना, ओठ कोरडे पडलेले असताना, परीक्षा माझीच.

अंगठा डाव्या हाताचा उठवला. सही करता येत नाही म्हणून चिडल्या, तेवढ्याच.

१५ सप्टेंबर

पहिल्यांदा लावलं.

सिस्टरने जुनी पट्टी भिजवून सोडवली आणि मी पहिल्यांदा तो हात पाहिला. मी इथे वर्णन करणार नाही. चेहरा सरळ ठेवायचा म्हणून दात आवळून धरले. ताई पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. हाताकडे एकदाही नाही. फक्त माझ्याकडे. मी कुठे चुकते ते शोधत असाव्यात.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे."

"ठीक म्हणताना तुझा आवाज पिसासारखा का उडतोय?"

सिस्टर हसल्या. तपकिरी कापड हातावर बसलं, वर ओला गॉज, वर पट्टी. झालं. बाहेर येऊन मी जिन्यात बसले आणि उरलेल्या कापडाचे तुकडे पुन्हा पुन्हा मोजले.

१८ सप्टेंबर

वास गेला!

ताप उतरला. ओल हिरवी नाही, पाण्यासारखी आहे. डॉक्टरबाईंनी पट्टी नाकाजवळ नेऊन हुंगली आणि मान हलवली. ताईंनी चादरीला घडी नीट घातली नाही म्हणून वॉर्डबॉयला झापलं, म्हणजे सुधारणा आहे.

मला मात्र आनंद होत नाही. आनंद झाला की काहीतरी होतं, अशी माझी समजूत. नवऱ्याने आज जेवताना माझ्या ताटात न विचारता वाढलं. तेवढ्यानेही घाबरले.

२३ सप्टेंबर

झालंच.

आज सकाळी कापड उचललं आणि मधली दोन बोटं काळी. डांबरी रस्त्यासारखी काळी, वरून थोडी चमकदार. सिस्टरचा हात हवेतच थांबला. त्यांनी डॉक्टरबाईंना बोलावलं. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी खिडकीकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर नेलं. "मांस मेलं असेल तर आत सडेल. आजच शस्त्रक्रियागृहात घेऊन काढावं लागेल. कदाचित बोटांसकट."

"चांदीही काळी पडते," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण लांबून आला. मी माझी बोटं पुढे केली. द्रावणात काम करून माझ्या बोटांची टोकं कायम काळपट असतात. घासून जात नाहीत, पण खाली बोट जिवंत असतं.

"तुमच्या बोटाला जखम नाही. इथे भाजल्यामुळे टोचून काही कळत नाही, तिथे संवेदनाच नाही. तुम्हाला खात्री आहे?"

नव्हती. कशी असेल? चांदी म्हणून थांबलो आणि निघालं मेलेलं मांस, तर विष अंगभर. मेलेलं म्हणून कापलं आणि निघाली नुसती चांदी, तर मी ताईंची धडधाकट बोटं कापायला लावली. उजव्या हाताची. आणि हे सगळं माझ्या एका शब्दावर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुपारपर्यंत थांबते. त्यापलीकडे नाही."

नवरा व्हरांड्यात उभा होता. मी त्याला सांगितलं. वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, "तू सांगशील तसं." त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरबाईंनी चिमट्याने काळ्या थराचा एक कोपरा उचलला. पातळ सालीसारखा तुकडा निघाला. तो डबीत घेऊन मी शाळेत पळाले. माळ्याने द्रावण तयार ठेवलं होतं, जे चांदी विरघळवतं आणि मांसाला हात लावत नाही. तुकडा त्यात टाकला. आम्ही दोघं ताटलीवर वाकून. काही होईना. काळा तो काळाच. माळी म्हणाला, "थांब." मी म्हटलं, "थांबायला वेळ कुठाय?" तो म्हणाला, "मग श्वास तरी बाजूला सोड, काच धुरकट होतेय."

कडेपासून तो फिका पडायला लागला. आधी तपकिरी, मग मळकट पिवळा. काळेपणा चांदीचा होता.

मी फोनवर डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "थराखाली काय आहे, ते यावरून कळतं का?" मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "नाही. फक्त रंग कुणाचा ते कळतं."

त्यांनी कापायच्या ऐवजी मिठाच्या पाण्यात हात भिजत ठेवला आणि तो थर हळूहळू सोलला. मी पोचले तेव्हा शेवटचा तुकडा निघत होता. खाली लालभडक. एका ठिकाणी रक्ताचा थेंब आला. रक्त बघून मला कधी इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. तिथेच भिंतीला टेकून रडले.

ताई म्हणाल्या, "डाग काढायचा माझा धंदा, आणि घरच्याच माणसाने मला डाग लावला."

कशालाच घाबरत नाही ही बाई. बोटं जाणार होती आणि विनोद सुचतोय. मला रागच आला थोडा.

३० सप्टेंबर

तपासणीत जंतू नाहीत. एकही नाही. सर, म्हणजे आमच्या शाळेचे प्रमुख, स्वतः दवाखान्यात आले, ताईंशी बोलले, हाताचे फोटो मागवून घेतले. परिषदेत दाखवणार आहेत. माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "दुहेरी हेच आपलं कापड."

आता हातावर लालसर दाणेदार मांस भरायला हवं, ते भरलं की कातडी लावायची. डॉक्टरबाई म्हणतात, अजून नाही, थोडं थांबू.

ताईंनी आज विचित्र काहीतरी सांगितलं. "आधी हात ठणकायचा, खाजायचा, आत मुंग्या चालायच्या. आता गप्प बसलाय. मुका झाल्यासारखा." मी म्हटलं, चांगलंच आहे, त्रास कमी झाला. त्या म्हणाल्या, "चांगलं म्हणतेस तर चांगलं." आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे ते बघणं. निघताना सिस्टर मला म्हणाल्या, "तुम्ही यायच्या आधी विचारत असतात, भावजय आली का, भावजय आली का. तुमच्याशिवाय पट्टीला हात लावू देत नाहीत." म्हणजे सिस्टरवरही विश्वास नाही. कठीण आहे.

७ ऑक्टोबर

हात तसाच आहे. स्वच्छ, लाल, ओला, आणि तसाच. डॉक्टरबाई कडेने मोजतात आणि काही बोलत नाहीत. कातडी लावायचा दिवस दुसऱ्यांदा पुढे ढकलला.

दुपारी माळ्याने मला सूक्ष्मदर्शकाजवळ बोलावलं. त्याने न विचारता ताईंच्या हातासारखंच सगळं करून पाहिलं होतं: पेशींवर दुहेरी कापड, दर वेळी नवीन, तितकेच दिवस. आम्ही पूर्वी इतके दिवस सलग कधीच ठेवलं नव्हतं.

"बघ," तो म्हणाला.

निरोगी पेशी लांबट असतात, हातपाय पसरून एकमेकींना धरून बसलेल्या. या गोल झाल्या होत्या. सुट्या. गारांसारख्या. कित्येक तळापासून सुटून तरंगत होत्या.

"ही ताटली आहे. हात नव्हे," मी म्हटलं.

"हो."

"हाताला रक्तपुरवठा असतो."

"हो."

"मग असं तोंड करून का बसलास?"

तो म्हणाला, "मी काहीच तोंड केलेलं नाही. तू करतेयस."

८ ऑक्टोबर

बोलले नाही. डॉक्टरबाई समोर उभ्या होत्या, मी काल पाहिलेलं सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, आज हवा दमट आहे ना.

कापड काढलं आणि जंतू परत आले तर? या वेळी आणखी हट्टी होऊन? मी तो वास पुन्हा घेऊ शकत नाही. जंतू नाहीत हे दिसतंय, तपासणीत लिहून आलंय. पेशींचं मात्र माळ्याच्या ताटलीवरून म्हणायचं. दिसणारं सोडून न दिसणाऱ्यासाठी धोका घ्यायचा? आणि सरांना काय सांगू? परिषद दोन महिन्यांवर आली आहे.

ही सगळी कारणं खरी आहेत. तरीही त्यांची रांग लावताना मला वाटत राहिलं की मी दार बंद करून त्याला टेबलं, खुर्च्या लावते आहे.

९ ऑक्टोबर

सांगितलं.

झालं असं की पट्टी सोडताना ताईंनी नेहमीसारखं विचारलं, "कसा आहे?" आणि मी नेहमीसारखं "ठीक" म्हणायला गेले, तर आवाजच फुटला नाही. ताईंचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांना वाटलं असावं, मला भोवळ येतेय.

मग मी तिथेच, त्यांच्यासमोरच, डॉक्टरबाईंना सांगून टाकलं. कापडाने जंतू मारले, आणि आता तेच कापड नवीन मांस येऊ देत नाहीये, असं मला वाटतं. चांदी जास्त झाली. दुहेरी मी सुचवलं होतं. माळी एकेरी म्हणत होता. कापड काढा.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काढल्यावर जंतू परत येण्याची शक्यता आहे, हे माहीत आहे ना?"

"हो. त्याचीच भीती वाटते."

"किती?"

"पाचावर धारण बसली आहे."

ताई म्हणाल्या, "काढा." त्यांनी डोळे मिटून घेतले होते. "तिला खात्री नसताना ठेवलं तर मला झोप लागायची नाही."

साधा ओला गॉज बांधला. पांढरा. किती उघडा वाटला तो हात.

संध्याकाळी सरांच्या खोलीत. ते ओरडले नाहीत. टेबलावरचा फोटो उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "परिषदेत मग काय दाखवायचं?" मी म्हटलं, जे झालं ते. ते म्हणाले, "बोलायला सोपं आहे." बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

नवऱ्याला घरी सांगितलं की चूक माझ्याकडून झाली असू शकते. तो भांडी पुसत होता. पुसतच राहिला. मग म्हणाला, "लहानपणी मला ताप आला की ताई डॉक्टरांशी भांडायची. मला वाटायचं, हिला सगळं कळतं. एकदा पाहिलं तर न्हाणीघरात नळ सोडून रडत होती." मला कळेना, हे आत्ता का सांगतोय. चूक झाली म्हणजे ताई रडतील, असं सुचवायचं असावं. मी उरलेली ओली भांडी त्याच्यापुढे सरकवली.

१२ ऑक्टोबर

आज तपासणीचा नमुना दिला. निकाल परवा.

सकाळी पट्टी सोडताना मी आधी वासच घेतला. नाही आला. की आला? जरासा गोड? सिस्टरने सांगितलं, शेजारच्या खाटेवर कुणीतरी फळं आणली आहेत.

१४ ऑक्टोबर

जंतू आहेत. थोडे.

डॉक्टरबाईंचं म्हणणं, थोडे म्हणजे थोडेच. उघड्या जखमेवर असायचेच. मला "आहेत" एवढंच ऐकू आलं. शाळेत जाऊन मी एकेरीपेक्षाही हलकं कापड तयार केलं. एकदाच, आणि अर्ध्या ताकदीच्या द्रावणात. इतकं फिकं की पिवळं आहे हे सांगावं लागावं. माळ्याने ते आपल्या पेशींवर ठेवलं, मी माझ्या जंतूंवर. पहिल्यांदाच आम्ही एकाच कापडाचे दोन तुकडे करून घेतले. इतकी वर्षं शेजारी बसतो, पण तो त्याचं तपासायचा आणि मी माझं.

१७ ऑक्टोबर

फिक्या कापडाखाली त्याच्या पेशी हातपाय पसरून बसल्या आहेत. माझे जंतू मरताहेत, सावकाश. डॉक्टरबाईंनी परवानगी वाढवून घेतली. आता एक दिवस फिकं कापड, दोन दिवस साधा गॉज, असं चालू करायचं.

मला यातलं काहीही खरं वाटत नाही. दुधाने तोंड पोळलंय.

ताई म्हणतात, हात पुन्हा ठणकतो, खाजतो. मी धसकले. डॉक्टरबाई मात्र खूश झाल्या, म्हणाल्या, हात जागा होतोय.

२३ ऑक्टोबर

दाणे आलेत. लाल, ओलसर, डाळिंबासारखे, आणि कडेला एक बारीक फिकट रेघ, मोत्याच्या रंगाची. ती नवीन कातडी. डॉक्टरबाईंनी बोटाने दाखवली तेव्हा दिसली.

"ताई, बघा ना," मी म्हटलं.

"तू बघ. मला सांग."

"इथे दिसतेय, अगदी कडेला."

"सांग म्हटलं ना."

मग सांगितली. किती रुंद, कुठून कुठवर, रंग कसा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मोत्याचा रंग त्यांना कळेना, म्हणून मी म्हटलं, पहिल्या धुण्यानंतरची नवी चादर. तेव्हा मान हलवली.

६ नोव्हेंबर

मांडीची कातडी काढून हातावर लावली. पाच दिवस पट्टी सोडायची नाही. या दिवसांबद्दल लिहीत नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही आणि मी सारखी दाराकडे बघत असते.

११ नोव्हेंबर

धरली. कातडी धरली. एका बोटाच्या पेराजवळ जराशी गेली आहे, बाकी सगळी धरली.

मधल्या दोन बोटांवर मात्र राखाडी छटा आहे. चांदी आत बसली. ती जाणार नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. मी माफी मागितली. ताईंनी विचारलं, "बोटं वळतील ना?" वळतील, व्यायाम केला तर. "मग झालं. राखाडी रंग मळखाऊ असतो."

१२ डिसेंबर

परिषदेत सरांनी दोन्ही फोटो दाखवले. काळा हातही, अडलेला हातही. मला वाटलं नव्हतं. आल्यावर म्हणाले, लोक बाकीचं सोडून त्याबद्दलच विचारत होते. यापुढे फिकं कापड.

आज सकाळी डॉक्टरबाईंचा फोन. एक वेल्डर आहे, पाय भाजलाय, तोच हट्टी जंतू. फिक्या कापडाची परवानगी मिळाली आहे, पण तो नाही म्हणतो. तुम्ही येऊन समजावून सांगाल का?

फोन ठेवला आणि वाटलं, दुसरा माणूस. ताई तरी घरच्या. हा कुणाचा कोण, आणि माझ्या शब्दावर पाय पुढे करणार.

तो चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, खाटेच्या कडेला धरून बसलेला. त्याची बायको उशाशी. मी सांगायला सुरुवात केली. कण, द्रावण, शक्यता. तो माझ्याकडे बघत होता पण ऐकत नव्हता, ते कळत होतं. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचा हात कापतोय."

खरंच कापत होता. मी खिशात घातला.

ताई त्याच इमारतीत बोटांच्या व्यायामाला येतात. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, आत आल्या, स्टूल ओढलं, आणि डाव्या हाताने उजवा हात उचलून त्याच्यासमोर पलंगावर ठेवला. वस्तू ठेवावी तसा.

"हे हिचंच काम," त्या म्हणाल्या. "ही दोन बोटं काळी झाली होती. कापणार होते. ही राखाडी राहिली आहेत, ती अशीच राहणार. खोटं कशाला सांगू. पण काल मी उशीचा अभ्रा पिळला."

तो बराच वेळ हात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "भीती नाही वाटली?"

"भीती?" ताई म्हणाल्या. "रोज. पट्टी सोडायच्या दिवशी घशाखाली पाणी उतरायचं नाही. हाताकडे बघायची छाती नव्हती माझी. हिच्या तोंडाकडे बघून काढले ते दिवस. हिला लपवता येत नाही काही, ते एक बरं आहे. हिचा हात कापतो तोवर समजायचं, लक्ष आहे."

त्याच्या बायकोने डोळे पुसले. त्याने विचारलं, दुखेल का. मी म्हटलं, थोडं. तो म्हणाला, मग लावा.

परत येताना मी ताईंना म्हटलं, "तुम्ही थाप छान मारता. त्याला धीर आला." त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "हो ना."

जिन्याशी आल्यावर त्यांनी आपला तो हात माझ्या हातात दिला. नवी कातडी अजून पातळ आहे, गरम लागते. मी घसरेन असं त्यांना वाटलं असणार. जिना कोरडा होता.

परवा त्या माणसाची पट्टी पहिल्यांदा सोडायची आहे. ताई म्हणाल्या, मीही येते. मी म्हटलं, तुम्ही कशाला?

"कुणीतरी सोबत लागतं," त्या म्हणाल्या.

बरोबर आहे. मला लागते.